पत्ता

रविवारी म्यूझ नदीच्या काठावर बाजार भरतो,
कोंबड्या, चीज, बुटांच्या नाड्या,
आणि अगदी टोकाला, पुलाच्या सावलीत,
कुणाच्या तरी पोटमाळ्यावरून उतरलेलं लोखंड.

लिएजमध्ये चाळीस वर्षं मी दात पाहिले.
आता तलवारी पाहते.
फार फरक नाही:
उजेडाकडे तोंड करायचं, आरसा आत घालायचा,
आणि माणूस सांगतो त्यावर विसंबायचं नाही.

एव्रार ती घेऊन आला पडद्याच्या कापडात गुंडाळून.
पावाची गाडी चालवतो, बाह्यांवर पीठ.
"१४१४ सालची आहे, मादाम, कोरलंच आहे बघा.
आमचा एक पूर्वज..."
इथे तो थांबला,
कारण पूर्वजाने नेमकं काय केलं
यावर त्याचं आणि बहिणीचं एकमत नाही.

आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली.
अकराशे चाळीस ग्रॅम.
मग एका बोटावर तोलली;
परजेच्या पुढे चार बोटं, तिथे ती स्थिरावली,
कुणाचीच बाजू न घेता.
आन्सेल्म आतून म्हणाला, बेसिनमध्ये गंज नको.
दर वेळी म्हणतो.

तेलाचा बोळा. दातांचं जुनं टोकदार हत्यार.
तांबेऱ्याखालून पितळ हळूहळू उजळलं:
छिन्नीचे सात-आठ घाव, घाईत मारलेले,
चार पाय, एक शेपूट.
लांडगा, म्हणतात. शेळी म्हटलं तरी खपेल.
मूळची पासाउच्या कारागिरांची खूण,
झोलिंगेनवाल्यांनी बिनदिक्कत उचलली,
कारण गिऱ्हाईक लांडगा मागत होतं.

"आणि हे साल नाही," मी म्हटलं, "हा ताईत आहे.
या आकड्याने वार चुकतो अशी समजूत होती.
दोनशे वर्षं उलटली तरी १४१४च कोरत बसले."

"म्हणजे खोटी?"
सगळे हेच विचारतात,
दात काढावा लागेल का, विचारायचे
त्याच आवाजात.

खोटी नाही. पातं एका घरचं, मूठ दुसऱ्या.
मूठ शंभरेक वर्षांनी धाकटी;
सोयरीक कुणी जुळवली, कुठे, ठाऊक नाही.
टोक झिजलंय, फार वेळा सहाणेवर गेलंय.
मध्यावर एक खाच.
आता खाच लढाईतलीच असते असं नाही,
जळण फोडताना पडते,
पोरं कुंपणाशी लढतात तेव्हाही पडते.

एव्रार पहिल्यांदा हसला.
"कुंपणाशी मीच लढलो होतो."

मुठीचं चामडं सुटलं होतं, आतलं लाकूड तडकलेलं.
फटीत काहीतरी कोंबलेलं.
चिमट्याने धरलं. ओढलं. किंचित ओढलं आणखी.
पत्ता निघाला, खेळातला,
चार घड्यांचा, घामाने काळा झालेला:
किलवरचा गुलाम,
पायांसकट उभा.
म्हणजे बराच जुना; पुढे पुढे गुलामांना पाय उरले नाहीत,
दोन्हीकडून डोकीच आली.

कुणीतरी मूठ हलते म्हणून वैतागला असेल.
हाताशी लाकडाची ढलपी नसेल.
जोडातला एक पत्ता गेला,
आणि त्या दिवसापासून सगळे डाव
एक गुलाम कमी धरून खेळले गेले असतील,
की जोडच फेकून दिला?
माझ्या वहीत यासाठी रकाना नाही.

"याचे किती येतील?" एव्रारने विचारलं.
मी तलवार त्याच्या हातात दिली. "हलवा."
मूठ खुळखुळली.
त्याने पुन्हा हलवली, कान जवळ नेऊन.
मग पत्ता माझ्याकडून मागून घेतला
आणि पिठाच्या बोटांनी, जुन्याच घड्यांवर मोडून,
परत सारला आत. मूठ गप्प झाली.

दारात म्हणाला, "बहिणीला काय सांगू?"
"वजन सांगा," मी म्हटलं.
"अकराशे चाळीस ग्रॅम.
पत्त्यासकट."