पाव तास

लोरेन, ओहायो. शाळाखात्याची कचेरी, तळघर,
बॉयलरच्या खोलीला लागून माझं टेबल.
सहाशे अकरा माणसांची आजारपणं
माझ्याकडे दशांशात येतात.
स्वयंपाकघरातल्या बायांचा दिवस साडेपाच तासांचा,
मास्तरांचा सव्वासात,
रात्री फरशी पुसणाऱ्याचा पुरता आठ.
ताप सगळ्यांना सारखाच येतो,
पण त्याचा रकाना नाही.

साथीच्या वर्षी वरून नवा कोड आला: सत्तेचाळीस.
आणीबाणीची रजा, दहा दिवस,
स्वतःच्या शिल्लकीला हात न लावता.
चार आणि सात टाइप करताना मला दर वेळी
कुणाच्या तरी उशाशी तांब्याभांडं ठेवल्यासारखं वाटायचं.
(हे ग्वेनला सांगितलं नाही. ती म्हणाली असती,
सुमेधा, तू जेवून घे.)

मग तीस जूनच्या रात्री बारा वाजता
आणीबाणी संपली.
सत्तेचाळीस राखाडी झाला, क्लिक केला तरी उघडेना.
परिपत्रक सगळ्यांना गेलं,
फक्त विषाणूचा ईमेल आमच्याकडे नव्हता.

सप्टेंबरात स्टाशा वोयचिकचा अर्ज आला.
बावीस वर्षं दुपारचे ट्रे भरणारी स्टाशा.
नवऱ्याच्या डायलिसिसपायी रजा केव्हाच खर्ची पडलेली,
शिल्लक सव्वा तास.
आधीचे दोन दिवस तिनं अंगावर काढले होते,
तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनीच घरी पाठवलं.

अंगावर काढणं.
ग्वेनला समजावायला गेले आणि अडकले.
अंगावरचा कोट काढतात तसं नाही गं,
उलट. काढायचं काहीच नाही.
ते तसंच अंगात ठेवून
मास्कआड खोकत चारशे मुलांना वाढायचं
आणि कुणी विचारलं तर म्हणायचं, पराग आहेत हवेत.
'याला कोड कुठला लावायचा?' ग्वेन म्हणाली.
ती थट्टा करत नव्हती.

मी 'शिल्लक अपुरी'वर टिचकी मारली.
नियमच आहे. माझंच बोट.

नियम आणखी एक आहे, सहसा कुणी वाचत नाही:
आपली रजा दुसऱ्याला देता येते.
शिक्षकांच्या खोलीत, मायक्रोवेव्हच्या दारावर कागद लागला.
संगीताच्या डेल्फीनबाईंनी दोन दिवस दिले.
व्यायामाच्या सरांनी अर्धा, तोही खाडाखोड करून.
ज्या मास्तरांची दोनशे दिवसांची रजा साठली आहे
त्यांनी कागद हलवून आपलं सूप गरम केलं.
(मला आकडे माहीत असतात. हाच या टेबलाचा शाप.)
आणि तळाशी, बसचालक ओटिस टार्व्हर: पाव तास.
कंसात, पेन्सिलीनं: एवढाच उरलाय. जानेवारीत बायपास झाली.

सिस्टिम अर्ध्या तासाखाली घेत नाही.
मी तीनदा घालून पाहिला.
०.२५. लाल. ०.२५. लाल.
पाव म्हणजे चौथा हिस्सा,
पाव म्हणजे बेकरीतला,
आणि पाव रे देवा, पाव, तोही हाच शब्द,
पण हे सगळं त्या चौकटीत मावेना.

साडेचारला कार्ड पंच करून बाहेर पडले,
तशीच परत आले, कोट न काढता.
स्टाशाला फोन लावला. साडेतीन दिवस जमले म्हटलं.
'आणि पाव तास,' मी म्हटलं, 'तो नोंदता आला नाही.'
'पाव कुणी दिला?'
नावं सांगायची मला परवानगी नाही.
ती खोकत राहिली. मी फोन ठेवला नाही.
बॉयलर धडधडला, थांबला.
भिंतीवरच्या घड्याळात चार पस्तीस. चाळीस.
मधेच तिनं विचारलं, 'आहेस ना?'
'आहे.'
पाऊण वाजेपर्यंत आम्ही दोघी काही बोललो नाही.
मग मी म्हटलं, झाला. आता झोप.