वाढत्या अंगाचं

शाळेच्या दगडी फाटकासमोर आईनं दुकान टाकलं तेव्हा
बफेलोत बर्फ खिडकीच्या निम्म्यापर्यंत चढला होता
आणि आईला इंग्रजीतले तीनच शब्द येत होते:
लांब, आखूड, मंगळवारी.

तेवढ्यावर चाळीस वर्षं निघाली.

सेंट वॉलबर्गाच्या मुलींचा स्कर्ट हिरव्या चौकड्यांचा,
मधून एक पिवळी रेघ, ओल्या खडूनं ओढल्यासारखी.
ऑगस्ट लागला की आया यायच्या, पोरींना दंडाला धरून.
"वाढत्या अंगाचं ठेवा हं."
आयरिश बायका म्हणायच्या, इटालियन म्हणायच्या,
परवा थायलंडच्या छावणीतून आलेली नॉ एह पॉची आई म्हणाली,
नुसता हात हवेत वर नेऊन.

मग चार बोटं कापड आत दुमडायचं,
धावदोरा सैल, पुढच्या वर्षी एका झटक्यात निघेल असा.
उसवलं तरी जुनी घडी जात नाही.
व्हिनेगर लावा, वाफ द्या,
सरोवर ओसरल्यावर धक्क्याच्या भिंतीवर राहते
तशी ओळ राहतेच.
कमरपट्टीच्या आत नावं:
मॉरीन टियर्नी. तिच्यावर काट. कॅथलीन टियर्नी.
मग कुणी लोरेटा स्पिनेली, शाई फुटलेली.
एका स्कर्टात मी पाच मुली मोजल्यात.

माझं नाव कुठल्याच पट्टीत नाही.
फी होती, आणि आम्ही होतो.
सरकारी शाळेतून येऊन मी काउंटरखाली बसायचे,
त्यांचे गुडघे बघत.
सोमवारी त्यांवर लाल वळ,
कारण सिस्टर अडेलगुंडा सगळ्यांना व्हरांड्यात गुडघ्यांवर बसवायच्या,
आणि काठ फरशीला टेकला नाही तर घरी चिठ्ठी.
त्याच मुली कोपऱ्यावरच्या बसथांब्याशी
कंबर तीनदा गुंडाळून स्कर्ट वर घ्यायच्या.
आईला दिसायचं.
आई पडदा ओढून घ्यायची.

या मार्चात सिस्टर क्लोटिल्ड आल्या, एकट्याच.
मठात आता त्याच उरल्यात. वय सत्त्याऐंशी.
गणिताला बाहेरचे मास्तर, मुख्याध्यापिकेला दोन मुलं,
प्रार्थनेची घंटासुद्धा म्हणे कळ दाबून वाजते.
पिशवीतून काळा झगा काढून म्हणाल्या,
"आखूड करायचाय. पायात येतो.
मी कमी होत चाललेय, हालीना."

त्यांना गुडघ्यांवर बसता येत नाही.
मी बसले. तोंडात टाचण्या,
समोर त्यांचे बूट, डाव्याची नाडी तपकिरी,
आणि वर कुठंतरी त्यांचा श्वास.
तीन बोटं. पुढून साडेतीन, पाठ वाकलीय म्हणून.

"जास्तीचं कापू?" मी टाचण्यांमधूनच विचारलं.

त्या बोलल्या नाहीत.
बाहेर शाळा सुटली होती. थांब्याशी एक पोरगी
दप्तर दोन पायांत धरून कंबर गुंडाळत होती,
एकदा, दोनदा.
सिस्टरनी नीट पाहिलं.
मग हात लांब करून
पडदा ओढला.

"राहू दे आत," म्हणाल्या. "कधी मिळेल?"

माझ्या तोंडून आईच्या उच्चारातच निघालं:
मंगळवारी.