बावीस काड्या

भूपतीनं पुण्याहून जुडी आणली,
ओल्या फडक्यात गुंडाळून, रात्रीच्या एसटीनं,
मांडीवर धरून.
तो तिथं मोठ्या हॉटेलात कांदे कापायचा,
आता बारीक कापतो म्हणून शेगडीजवळ नेलाय.
ॲस्परॅगस, म्हणाला.
मी म्हटलं, पुन्हा सांग.
शतावरीच्या कुळातली गं, अत्ता.

मी आधी मोजल्या.
चाळीस वर्षं बिड्या वळल्यात,
पंचवीसचं बंडल माझ्या मुठीला न बघता कळतं.
ह्या बावीसच निघाल्या.
तीन कमी. आमच्या कारखान्यातून
हे बंडल परत आलं असतं.

मग हात धुतले.
चिंचेनं, मग राखेनं, मग पुन्हा चिंचेनं.
तंबाखू नखात बसते, तिथून उठत नाही.

भूपती ओट्याला टेकून सांगत होता:
शेंड्याच्या खवल्यांत वाळू असते,
पाण्यात उलट्या धरून हलव.
नळ चार दिवसांनी येतो, म्हटलं, एक वाटी मिळेल.
बरं, वाटी तर वाटी.
आता बुडखा एका हातात, कंबर दुसऱ्या हातात,
आणि वाकव. सुरी नको.
कुठं मोडायचं ते तिलाच ठाऊक असतं.

कट्.

एक चार बोटांवर मोडली, एक दोनच बोटांवर,
एक तर पार बुडाशी, हट्टी.
मला तो चेकर आठवला,
शनिवारी सुपातून मूठभर बिड्या उचलायचा
आणि वाटेल तिथं मोडून टाकायचा,
माझ्याकडं न बघता.
मी उरलेल्या सगळ्या सावकाश मोडल्या.
भूपती म्हणाला, अत्ता, घाई कर.
मी केली नाही.

आठ उकळल्या.
पाण्यात मीठ समुद्राइतकं, म्हणाला.
मी समुद्र पाहिलेला नाही, आमटीइतकं घातलं.
दोन मिनिटं, फार तर तीन,
रंग एकदम उजळतो तेव्हा काढायच्या,
नंतर त्या उदास होतात.
आणि लगेच बर्फाच्या पाण्यात!
एप्रिल महिना, डोक्यावर पत्रा,
अन् हा बर्फ मागतोय.
माठातलं गार पाणी दिलं. चाललं.
वर लिंबू, कच्चं तेल. बस.

उरलेल्या चौदा तव्यावर.
चमचाभर तेल, ठेचलेला लसूण,
लाटण्यासारख्या लोळवायच्या, काळे डाग पडेस्तोवर.
मी वरून शेंगाचटणी भुरभुरली.
भूपतीचं तोंड बघायचं होतं.
हॉटेलात लोणी घालतात, अत्ता.
हॉटेलाला काय सोलापूर माहीत?
त्यानं एक खाल्ली. मग तीन खाल्ल्या.
मग लोण्याचं नाव काढलं नाही.

बुडखे तो टाकायला निघालेला.
हात धरला त्याचा.
वरची साल तासली, आतला गर मऊ होता,
चिरून पप्पूत टाकला,
उकळलेलं हिरवं पाणीही त्यातच.
चार दिवसांच्या पाण्याला मोरी कशाला दाखवायची?

शेजारची मल्लव्वा दारातूनच म्हणाली,
शेवग्यागत चोखून थुंकायची का?
नाही, गिळायची.
मग काय मजा, म्हणाली,
आणि कडक भाकरीच्या तुकड्यावर दोन घेऊन गेली.
थोड्या वेळानं वाटी परत आली, पुसलेली.
पप्पू आहे का, विचारत.

निघताना भूपती जरा लाजला.
अत्ता, उद्या सकाळी मोरीत वेगळाच वास येईल,
घाबरू नकोस, तो हिचाच असतो.
मी इतकी हसले की खोकला लागला.
अरे, बसमध्ये बायका माझ्या शेजारून उठून जायच्या,
तू मला वासाचं सांगतोस?

जुडीचं निळं रबर मी टाकलं नाही.
दुपारी सूप मांडीवर घेतलं,
पहिल्या पंचवीस झाल्या,
दोऱ्याऐवजी ते लावून पाहिलं.

सैल बसलं.