नमुना क्रमांक सतरा

पंधरा सेंटिमीटर खोल, मग थांबायचं.
लोखंडी खुरपं चालत नाही, प्लास्टिकचं लागतं.
पिशवीवर गाव, तारीख, मातीचा रंग.
रंगासाठी माझ्याकडे छापील पुस्तक आहे,
त्यात नुसत्या काळ्याच्या अकरा चौकटी.
लहानू दिघोरे बांधावर उकिडवा बसून म्हणाला,
"कन्हार लिवा ना साहेब. कन्हार होय थे."

खैरीटोल्यात मातीला नावानं हाक मारतात.
वर टेकराला बरडी,
आलं पाणी तसं जाऊ देणारी, कोणाचंच काही न ठेवणारी.
मग खरडी, सिहार, मोरंड,
आणि अगदी खाली, वैनगंगा पुरात येऊन बसते तिथं,
कन्हार.
ती नांगराला सोडत नाही, बैलाच्या खुराला सोडत नाही,
माझ्या उजव्या चपलेचा अंगठा तिनंच ठेवून घेतला.

नाल्यापलीकडे सोनझऱ्यांची चार घरं.
सुकवाराबाईनं इंजेक्शनच्या बाटलीतून
तळहातावर एक थेंब ओतला.
थेंब कसला, उनाड पोर!
रेषा-रेषांतून पळत सुटला,
एक हात दुसऱ्या हाताला धरायला लावला त्यानं.
"कोनाचा नाई थो. फक्त सोन्याचा."
लाकडी पाटात रेती हलवून हलवून
सोन्याचा कण त्याला चिकटला,
मग मंसारामनं पळीत घालून गोवऱ्यांवर ठेवला.
मोहरीएवढं पिवळं उरलं.
"आणि पारा?"
"गेला."
"कुठे?"
तिनं हनुवटीनं आभाळ दाखवलं.

मला माहीत होतं, तो तिथं राहत नाही.
मोहाची पानं त्याला हवेतून उचलतात,
फाल्गुनात गळतात, खाली कुजत पडतात.
त्या कुजक्यात गंधक असतं, जरासंच,
पण पाऱ्याला तेवढं पुरतं.
आमच्या वडसाचे वैदूबुवा खलात दोघांना घोटायचे,
चार दिवस, सात दिवस,
चमक पार मरून काळी भुकटी होईपर्यंत. कज्जली.
इथं खल नाही, बत्ता नाही, कोणी घोटत नाही,
आणि तरी ओंजळभर कन्हारीत
तेच काम चाललेलं, पंचांग न बघता.
टेकरावरची तांबडी मातीही धरते त्याला,
आपल्या गंजात, आपल्या परीनं.

धरलं म्हणजे संपलं, असं मी प्रशिक्षणात लिहून घेतलं होतं.
पुढचं पान नंतर आलं.
बांधीत पाणी साचतं, दोन महिने हलत नाही,
तळाशी हवा संपते,
आणि तिथं राहणारे, डोळ्याला न दिसणारे,
त्याला वेगळंच रूप देतात.
मग तो सुटतो. शेवाळात. झिंग्यात.
झिंग्यातून बोटभर मासळीत,
मासळीतून मरळीत.
दर पायरीवर थोडा जास्त.

परत येताना सुकवाराबाईच्या दारात
लहानूनं आणलेली मरळ, राखेत घोळून,
विळीवर अर्धी झालेली.
"सुनेले सातवा हाय," बाई म्हणाली,
"आंगात बळ येते मरळीनं. तुमी पन जेवा."
सून चुलीशी मिरची वाटत होती.
तिनं वर पाहिलं नाही, पण हसली असावी,
पाठीवरून कळतं ते.

माझ्या थैलीत सोळा पिशव्या, सतरावी हातात.
अहवालाला तीन महिने लागतात.
आकडा दशांशचिन्हानंतर तिसऱ्या घरात येईल,
कदाचित काहीच नसेल.
कदाचित.
मी म्हणालो, "बाई, मरळ रोज नका देऊ तिला.
बारीक मासोळी चालेल."
"काहून?"

काहून.
कन्हारीनं काय धरलं, काय सोडलं,
झाडीबोलीत कसं सांगू?
आणि तो धूर तिच्याच गोवऱ्यांचा,
की पन्नास कोसांवरच्या कोळशाच्या धुरांड्याचा,
ते माती वेगवेगळं लिहून ठेवत नाही.

"डॉक्टर म्हणतात," मी खोटं बोललो.
बाईनं डॉक्टरला मान दिली.
अर्धी मरळ झाकून ठेवली,
शेपटीकडचा तुकडा तेवढा माझ्या पानात आला.

मी खाल्ला.
मग नळावर चपला धुतल्या. उजवी निघाली नाही.