शिंकांचा हिशोब

आधी वाटलं, हसतोय.
समूला विचारलं, ससा हसतो का गं?
म्हणाली, आई, शिंकतोय तो. पुढचे पंजे बघ.
पंजे ओले. नाक पुसून पुसून
केसांच्या बारीक दोऱ्या झालेल्या,
मी चामड्याची वेणी घालते, तशा.

नाव कापशी.
कापसासारखा म्हणून,
आणि आमच्या सुभाषनगरात कापशी म्हणजे चप्पल, म्हणूनही.
लक्ष्मीपुरीच्या बाजारात अडीचशे सांगितले होते,
घासाघीस करून दोनशे वीसला आणला.

सरकारी दवाखान्यात पुढं तीन म्हशी, एक खोंड.
कंपाउंडर म्हणाला, ससा व्हय?
मागची बाई हसली. मीपण हसले थोडं.
पिशवीची चेन निम्मी उघडी, आत त्याची छाती
मशीनच्या सुईगत वरखाली.
"हितं मोठ्या जनावरांचं औषध.
शाहूपुरीत जावा, माणगावे मॅडमकडं."

मॅडमनी टॉवेलात गुंडाळून कानाला नळ्या लावल्या.
म्हणाल्या, ससा तोंडानं श्वास घेत नाही,
नाक चोंदलं की दार बंद.
खाणं थांबलं तर आतडं थांबतं,
त्याच दिवशी या, उद्यावर टाकू नका.
माणसाच्या गोळ्या देऊ नका,
शेजारणीच्या उरलेल्या तर नाहीच.
(अर्धी दिली होती मी. बोलले नाही.)

मग विचारलं, घरात वास कशाचा असतो?
सोल्युशनचा, म्हटलं. चामड्याचा.
ही हवा त्याला चालायची नाही, म्हणाल्या.
चौदा वर्षं बसते मी त्या खोलीत.
नुसतं बरं म्हटलं.

छातीचा फोटो अकराशे.
नाकातल्या पाण्याची तपासणी पुण्याला, ती वेगळी.
औषध तीन आठवडे.
आणि ससा दोनशे वीसचा.
रिक्षावाल्यानं, दिरानं, दूधवाल्यानं
हाच हिशोब तीनदा करून दाखवला,
जशी काय मला वजाबाकीच येत नाही.

भिशी लागली होती माझी, या महिन्याची.
पत्रा बदलायचा म्हणून डब्यात ठेवलेली.
फोटो काढला. तपासणी राहू दिली.
मॅडम म्हणाल्या, आधी औषध बघू, उरलेले हप्त्यानं द्या.
मी केसपेपरच्या पाठीवर त्यांचं पाऊल काढून घेतलं,
पेन्सिल उभी धरून, टाचेपासून.
एक जोड हप्त्यात धरा, म्हटलं.
धरते, म्हणाल्या, पण भाव नीट लावा,
माझ्यासाठी कमी नको.

मामंजी दम्याचे.
शिरोलीच्या फाउंड्रीत वाळू चाळण्यात हयात गेली.
"कुत्रं म्हणावं तर राखण न्हाई,
कोंबडी म्हणावं तर अंडं न्हाई," असं म्हणायचे.
आता सकाळी आपली वाफ घेऊन झाली
की मशीन पायानं पुढं सारतात.
त्याची नळी निराळी, औषध निराळं,
मॅडमनी लिहून दिलेलं.
पुठ्ठ्याचा खोका, वर प्लॅस्टिकचा कागद,
खोक्यात धुकं,
धुक्यात कान पाडून बसलेला,
थंडीत रंकाळ्याच्या कठड्यावर
म्हातारी माणसं बसतात तसा.

पुरता बरा व्हायचा नाही म्हणे. सांभाळायचा.
"माझ्यागत," मामंजी म्हणाले,
आणि त्याच्या कपाळावर बोट फिरवलं. एकच.

खिडकी एकच आमच्याकडं. तिथं आता पिंजरा.
मी ट्यूबखाली बसते वेणी घालायला.
मधेच उठते, त्याला बघायला म्हणून,
आणि खिडकीशी दोन मिनिटं जास्त थांबते.

समू दुधाच्या कॅलेंडरवर शिंका मांडते,
लिटराच्या शेजारी, लाल पेनानं.
सोमवार अकरा. मंगळवार नऊ.
बुधवारी परत चौदा,
त्या दिवशी सोल्युशनचा डबा माझ्याकडून उघडा राहिला.
आज सात.

आणि त्याच्याखाली, अगदी बारीक अक्षरात:
आई, तीन.