सदतीस अंश

गंगापूर रोडला, दुसऱ्या मजल्यावर,
दुपारी दोनला वीज गेली ती साडेसहाला आली.
चोवीस अंशांवर जपलेलं माझं यीस्ट
तोवर नाशिकच्या मे महिन्याइतकं तापलं होतं.

काचपट्टीवर थेंब ठेवला, पाहिलं:
एकाही पेशीला कळी नाही.
सगळ्या गोल, टपोऱ्या,
विरळणी केलेल्या घडातल्या मण्यांसारख्या.
वाढ थांबलेली नाही. एवढंच, की
कुठल्या अंगाने वाढायचं
ते कुणी सांगितलेलं नाही.
सांगणारं एक जनुक. त्यातलं एक अक्षर मी बदललेलं.
गारव्यात ते निभावून नेतं,
उकाड्यात विसरतं.

धडधाकट पेशीचं असं नसतं.
सगळीकडून सारख्याच असलेल्या अंगावर
ती एक जागा धरते,
तिथे प्रथिन गोळा होतं, नखातल्या चंद्राएवढं,
मग सगळं सामान त्याच बाजूला,
दोऱ्यांवरून, गाठोडी बांधून,
पहाटे बाजार समितीकडे निघालेल्या टेम्पोंसारखं.
आणि तिथे फुगवटा येतो. लेक.

लेक सुटते तिथे व्रण राहतो, बांगडीसारखा.
रंग घातला की निळा चमकतो.
पुढची लेक त्याच्या शेजारीच, खेटून.
बोरस्ते मॅडम व्रण मोजून म्हणायच्या,
"ही सात बाळंतपणांची. हिला आता बसू दे."

गिरणाऱ्याच्या वायनरीत यांच्याच बहिणी
टाकीत फसफसताहेत,
त्यांना कुणी जागा विचारत नाही.

तबस्सुमने डबा उघडता उघडता विचारलं,
"मेल्या का गं?"
मेल्या नाहीत.
मेल्या असत्या तर वहीत लिहिणं सोपं होतं.
हे असं नुसतं चहूकडून फुगणं
मला माहीत आहे,
एम.एस्सी.नंतरची तीन वर्षं.

फ्लास्क परत चोवीसवर ठेवला.
साडेदहाला मोजलं:
दोनशे बारांतल्या एकोणीस जणींना टोक आलेलं,
एकीला चुकून दोन.
तिच्यापाशी मी जरा जास्त वेळ थांबले.

जिन्यात भालेराव किल्ल्या वाजवत उभे.
"मॅडम, कुलूप."
म्हटलं, काका, अजून एक थेंब.