फळ्याचा डावा कोपरा

उतेनात नोव्हेंबरच्या शेवटी
दुपारी तीनलाच वर्गात दिवे लावावे लागतात.
आठवी ब. सत्तावीस मुलं. मी गणित शिकवते.

त्या दिवशी गणित नव्हतं.
कौनासहून आलेल्या बाईंनी एकेक कागद वाटला.
नाव लिहायचं नाही, म्हणाल्या,
गेल्या चार आठवड्यांत किती दिवस डोकं दुखलं,
तेवढा आकडा फक्त.
नाव नको म्हटल्यावर वर्ग खुसखुसला.
मग पेन्सिली टेकल्या
आणि ते थांबलं.

मुलांकडे बघू नका, असं मला बजावलं होतं,
म्हणून मी खिडकीशी.
तळ्यावर पापुद्र्याएवढा बर्फ धरला होता
आणि एक बदक त्यावर पाय ठेवून
पुन्हा मागे घेत होतं.

सप्टेंबरात इग्नासनं
समीकरणाच्या मध्यावर कपाळ बाकावर टेकलं होतं.
झोपायला घर आहे, मी म्हणाले.
तो म्हणाला, बाई, फळ्याचा डावा कोपरा गेला.
कुठे गेला? मी विचारलं,
आणि अख्खा वर्ग हसला.
माझ्या विनोदाला सहसा कोणी हसत नाही,
म्हणून मी तोच विनोद
शिक्षकांच्या खोलीतही सांगितला.

कागद मोजायचं काम माझ्याकडे आलं.
गणिताच्या बाई, दुसरं कोण.
रेडिएटरला पाठ लावून मी चळती रचल्या:
शून्य, सहा जणांचं.
एक ते तीन दिवस, अकरा.
चार ते आठ, सहा.
त्याहून जास्त, तीन.
पुन्हा मोजलं. सव्वीसच भरत होते.
सत्ताविसाव्या कागदावर आकडाच नव्हता,
बारीक, तिरप्या अक्षरात लिहिलं होतं:
झोपताना दुखत होतं, उठल्यावरही दुखत होतं,
हा एक दिवस धरायचा की दोन?

बावीस वर्षं मी मुलांची उदाहरणं सोडवतेय.
हे मला येईना.

आमच्या वेळी नव्हती बुवा कुणाची डोकी दुखत,
व्यायामाचे विटेनिस म्हणाले,
हे सगळं त्या मोबाइलमुळे.
रसायनशास्त्राच्या बिरूटेबाई
पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या.
आमच्या वेळी विचारत नव्हतं कुणी,
त्या म्हणाल्या, मान वर न करता,
आणि गोळी पाण्याशिवायच गिळली.

तेव्हा मला आमचं तळघर आठवलं.
तेरा वर्षांची मी,
खारवलेल्या काकड्यांच्या बरणीला कपाळ लावून
अंधारात उकिडवी बसलेली.
काच गार असायची. एक बरणी कोमट झाली
की पुढची.
आई वरून हाका मारायची: अगं, बटाटे आणायला गेलीस ना?
मी बटाटे घेऊन वर जायची.
एवढंच.
इतकी वर्षं मी त्याला बटाटे आणणंच म्हणत आले.

दुसऱ्या दिवशी पुढच्या रांगेतले दिवे लावले नाहीत.
कुणी कारण विचारलं नाही.
वर्गमूळ काढता काढता मी वळले,
इग्नास, डावा कोपरा आहे का आज?
वाटलं होतं तेवढं सहज निघालं नाही तोंडातून.
त्यानं फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
थट्टा आहे का हे चाचपत.
आहे, म्हणाला. आज आहे.

तिसऱ्या बाकावरून उर्टे बोलली.
उर्टेला कायम पैकीच्या पैकी.
तिच्या वहीवर मी कधी लाल शाई वापरलेली नाही.
बाई, माझा उजवा जातो.

काय म्हणावं ते सुचेना.
खडूचा तुकडा बदलला
आणि पुढचं उदाहरण
फळ्याच्या मधोमध लिहायला घेतलं.